नाताळाच्या जुन्या तबकड्या: नाट्यवाचन आणि कॅरल गोळा करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की नाशिकच्या माळ्यांवरून पेट्या खाली उतरतात आणि अशा तबकड्या गोळा करणाऱ्या आमच्याकडे विचारणा सुरू होते. “आजोबांच्या रेकॉर्डी आहेत, पण गाणंच नाही त्यात. कुणीतरी साहेब नुसता बोलतोय.” बहुतेकांना त्या भंगारात घालायच्या असतात. घालू नका. का नको आणि मग करायचं काय, ते खाली प्रश्नाप्रश्नानं दिलं आहे.

तुम्ही नेमकं काय गोळा करता?

दोनच गोष्टी. एक म्हणजे नाताळाच्या कथांची नाट्यवाचनं. नट मंडळी पात्रं वाटून घेऊन बोलतात, मागे थोडं संगीत, घंटानाद, दाराची करकर. दुसरी म्हणजे क्वायरनं, म्हणजे गायकवृंदानं, गायलेली कॅरल, म्हणजे नाताळगीतं. काळ साधारण १९०० ते १९६५. एकट्या गायकाची, बँडची, सिनेमातली नाताळगाणी आम्ही सोडून देतो. त्यांना गिऱ्हाईक भरपूर आहे.

जिम रीव्हज चालेल का?

नाही. त्या गायकाची १९६३ची नाताळगाण्यांची एलपी (व्हिनाइलची, जास्त वेळ वाजणारी तबकडी) घरीच ठेवा आणि खुशाल ऐका.

नाशिकला हा माल आला कुठून?

पहिली वाट शरणपूरची. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४मध्ये तिथं ख्रिस्ती वस्ती वसवली. शाळा, उपासना आणि सामूहिक गायन या तिन्हींची सवय तिथल्या घरांत पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे. दुसरी वाट देवळालीची. छावणीतल्या अधिकाऱ्यांचे बंगले, मेस, पारशी मंडळींची आरोग्यधामं, शिवाय १९२५मध्ये मुंबईहून देवळालीला आलेलं बार्न्स स्कूल. जिथं इंग्रजी शाळा तिथं डिसेंबरात कॅरल, हे ठरलेलंच. साहेब लोक मायदेशी निघाले तेव्हा लाखेच्या तबकड्यांसारखं जड आणि फुटकं सामान बोटीवर चढवण्याची हौस फारशी कुणाला नसणार.

तिसरी वाट कलकत्त्याची. ग्रामोफोन कंपनीनं १९०८मध्ये सियालदहला आणि पुढे १९२८मध्ये डमडमला तबकड्या छापायचे कारखाने घातले. त्यामुळे विलायतेतलं ध्वनिमुद्रणही ‘मेड इन इंडिया’ लेबल लावून इथल्या दुकानात येऊ शकत होतं. अशी हिंदुस्थानी छपाई हलकी समजून काही संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे लोकांनी काय ऐकलं हे त्या लेबलावरूनच तर कळतं.

शोधायचं कुठे?

गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आणि भद्रकालीतल्या भंगारवाल्यांकडे. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट हेही आहेतच, पण तिथं दुकानदाराला मालाची पारख असते, त्यामुळे भावही तसाच. खरी खाण म्हणजे रिकामी होत असलेली जुनी घरं. शरणपूर रोड, देवळाली कॅम्प, नाशिक रोड या पट्ट्यात कुणी बंगला पाडतंय असं कानावर आलं की आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोला. भंगारवाला तुमच्या आधी पोचला तर जाडजूड अल्बमची कव्हरं रद्दीच्या ढिगात आणि तबकड्या दुसऱ्याच गोणीत गेलेल्या दिसतील. अल्बम फुटला की कुठली तबकडी कुठल्या संचातली हे जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

नाट्यवाचनात सुरुवात कुठून करावी?

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या स्क्रूजपासून, म्हणजे शेवटी सुधारणाऱ्या कंजूष म्हाताऱ्यापासून. १८४३ची ही कथा ध्वनिमुद्रणाच्या अगदी बाल्यावस्थेपासून गाजते आहे. ब्रॅन्स्बी विल्यम्स हा इंग्लिश रंगभूमीवरचा नट डिकन्सची पात्रं उभी करण्यासाठीच प्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिसनच्या सिलिंडरवर (तबकडीऐवजी नळकांड्यावर) त्यानं स्क्रूज बोलून ठेवला. आवाज भोंग्यात ओरडून भरलेला आहे, शब्द निम्मे कळतात, तरी रंगमंचावरची ती जुनी, ताणलेली फेक दुसरीकडे ऐकायला मिळायची नाही.

पुढे अमेरिकेत तीन नटांचे तीन संच आले: रोनाल्ड कोलमन (डेक्का, १९४१), बॅझिल रॅथबोन (कोलंबिया, १९४२) आणि लायोनेल बॅरीमोर (एमजीएम, १९४७). तिन्ही ऐकून मगच आवडनिवड ठरवा. कोलमनचा आवाज मखमली आहे, त्याच्या तोंडी कंजूष म्हातारा जरा जास्तच सभ्य वाटतो. रॅथबोन धारदार. बॅरीमोरची गोष्ट वेगळी. १९३४पासून तो जवळजवळ दर नाताळात रेडिओवर स्क्रूज होत असे. १९३६च्या नाताळात त्याच्या बायकोचं निधन झालं तेव्हा भाऊ जॉन बॅरीमोर त्याच्या जागी उभा राहिला. तबकडीवर आपण ऐकतो ते इतकी वर्षं अंगात भिनलेलं काम आहे. नट संहितेवर रेलत नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत जाणवतं. मला विचाराल तर एकच संच घ्यायचा झाला तर हाच.

कोलमनचं वाचन नंतर एलपीवरही आलं. तिच्या दुसऱ्या बाजूला चार्ल्स लॉटननं वाचलेला डिकन्सच्याच पिकविकचा नाताळ आहे. लाखेचा संच मिळत नसेल तर ही एलपी बिनधास्त घ्या. लॉटनचं खिदळणंच पैसे वसूल करतं.

आणि वेल्सचा कवी डिलन थॉमस. २२ फेब्रुवारी १९५२ला न्यूयॉर्कमध्ये कॅडमन या नव्या कंपनीसाठी त्यानं आपल्या कविता वाचल्या. ही कंपनी कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन तरुणींनी काढली होती. एका बाजूपुरत्या कविता झाल्या, दुसरी बाजू भरायला काय? त्याला वेल्समधल्या बालपणीच्या नाताळाची आपली एक गद्य कथा आठवली, ती मासिकातून शोधून आणवली आणि वाचली. भरतीसाठी घेतलेली ती बाजूच अजरामर झाली. इथं पात्रं नाहीत, संगीत नाही, एकटा माणूस वाचतो. तरी नाट्यवाचनाच्या कप्प्यात ती सगळ्यांत पुढे ठेवावी अशी आहे.

रेडिओवरची नाटकं यात धरायची का?

धरा, पण वेगळ्या कप्प्यात. ऑर्सन वेल्सच्या ‘कॅम्पबेल प्लेहाउस’ या अमेरिकन रेडिओ-कार्यक्रमात २४ डिसेंबर १९३९ला बॅरीमोरचा स्क्रूज प्रसारित झाला. आज त्याच्या एलपी दिसतात, पण त्या कितीतरी नंतर प्रसारणावरून काढलेल्या आहेत. विक्रेता “१९३९ची ओरिजिनल” म्हणत असेल तर लेबल नीट वाचा. १९३९मध्ये एलपीच नव्हती, ती १९४८ला आली.

तीन तबकड्यांच्या संचातली एक फुटली आहे. घ्यावा का?

आधी बाजूंचे आकडे बघा. तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी जे संच निघत त्यांच्या बाजू ओळीनं नसत. पहिल्या तबकडीवर १ आणि ६, दुसरीवर २ आणि ५, तिसरीवर ३ आणि ४. तिन्ही चळतीनं लावायच्या, संपल्या की अख्खी चळत उलटी करायची. हातानं बदलायच्या संचात मात्र १-२, ३-४, ५-६ असा सरळ क्रम असतो.

म्हणजे यंत्राच्या संचातली पहिली फुटली तर नाटकाची सुरुवातही गेली आणि शेवटही. तिसरी फुटली तर मधला सलग भाग गेला. सरळ संचातली शेवटची फुटली तर स्क्रूज सुधारायचाच राहिला! गाण्यांच्या अल्बममध्ये एक तबकडी नसली तर दोन गाणी कमी, एवढंच. नाटकात तसं नाही. अपुरा संच मी घेतो तो फक्त दुसऱ्या अपुऱ्या संचाशी जुळवायला, आणि भाव अगदी नाममात्र असेल तरच. अल्बमचं कव्हर नसलं तरी चालेल, पुस्तिका नसली तरी चालेल, नाटक मात्र पुरं हवं.

कॅरलमध्ये काय बघायचं?

किती माणसं, कुठल्या जागेत आणि कुठल्या तंत्रानं, या तीन गोष्टी.

१९२५पर्यंत ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. गाणारे भोंग्यासमोर दाटीवाटीनं उभे राहत, त्यामुळे लेबलावर ‘क्वायर’ छापलेलं असलं तरी आत मोजकेच आवाज असत. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि चित्र पालटलं. ३१ मार्च १९२५ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये ‘असोसिएटेड ग्ली क्लब्ज ऑफ अमेरिका’च्या शेकडो पुरुषांनी ‘अदेस्ते फिदेलेस’ हे लॅटिन नाताळगीत गायलं आणि कोलंबियानं ते मुद्रित केलं. त्याआधीची कुठलीही कॅरल तबकडी लावा आणि मग ही लावा. भिंत पडून मागचं मैदान दिसावं तसं होतं. तबकडी बारा इंची आहे आणि तुलनेनं सहज मिळते.

त्यानंतर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा क्वायर. बायबलातले नऊ पाठ आणि कॅरल यांची तिथली उपासना १९१८ला, पहिलं महायुद्ध संपल्यावर सुरू झाली. १९२८ला बीबीसीनं ती पहिल्यांदा प्रसारित केली. एक १९३० सोडलं तर तेव्हापासून दर नाताळाच्या आदल्या दिवशी ती ऐकू येते, आपल्या घड्याळात रात्री साडेआठला. दुसऱ्या महायुद्धात चॅपेलच्या (कॉलेजच्या प्रार्थनामंदिराच्या) रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या आणि सुरक्षेपायी प्रसारणात जागेचं नावही घेत नसत. आर्गो कंपनीची १९५४च्या उपासनेची एलपी बोरिस ऑर्ड यांच्या हाताखालची आहे, १९५८ची डेव्हिड विलकॉक्स यांच्या.

या एलपी आमच्या दोन्ही कप्प्यांत बसतात. कारण त्यात नुसतं गाणं नाही, बायबलातले पाठही वाचलेले आहेत. पहिला पाठ क्वायरमधला मुलगा वाचतो आणि पायरीपायरीनं चढत नववा कॉलेजचे प्रमुख, म्हणजे प्रोव्होस्ट. कोवळा आवाज, मग प्रौढ, मग वृद्ध. पुष्कळ जण पाठ आला की सुई उचलून पुढे ठेवतात आणि नुसती कॅरल ऐकतात. तसं केलंत तर त्या उपासनेची निम्मी बांधणी कानाआड गेली. निदान एकदा पूर्ण ऐका.

अमेरिकन बाजूला क्वायर-संचालक रॉबर्ट शॉ. आरसीए व्हिक्टरनं १९४६मध्ये त्यांची नाताळाची स्तोत्रं आणि कॅरल लाखेच्या तबकड्यांवर काढली. तीच पुढे एलपीवर आली, आणि १९५७मध्ये जवळपास त्याच नावानं नवं ध्वनिमुद्रण झालं. कव्हरवरचं नाव बघून “आपल्याकडे आहे” म्हणून सोडू नका. गाणं तेच, गायन वेगळं.

तबकडी लाखेची आहे की व्हिनाइलची, हे कसं ओळखायचं?

लाखेची जड, ताठ, बोटानं टिचकी मारली तर खणखणते. कडेला टवका उडाला असेल तर आत करडं-काळं भुकटीसारखं दिसतं. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचंच ते मिश्रण. व्हिनाइल किंचित लवतं आणि टिचकीला बद्द वाजतं.

ही लाख मुख्यतः आपल्याच देशातली: पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे बनवतात ती. महायुद्धात तिचा पुरवठा आटला म्हणून अमेरिकेनं १९४२मध्ये तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली. सैनिकांसाठी १९४३पासून निघालेल्या व्ही-डिस्क त्यामुळे बहुतांशी व्हिनाइलवर छापल्या गेल्या. छावणीच्या गावात राहता, तेव्हा बारा इंची, ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची), तरीही लवणारी तबकडी दिसली तर लेबल जपून पुसा.

घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८ची तबकडी वाजेल का?

प्लेअरवर ७८चा वेग असला तरी सुई बदलावी लागेल. एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची, ७८च्या खाचेला ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते. एलपीच्या सुईनं लाखेची वाजवली तर ती खाचेच्या तळाशी कचऱ्यात फिरते, आवाजापेक्षा खरखर जास्त, आणि सुईही खराब. उलट ७८च्या सुईनं एलपी वाजवाल तर एलपी गेलीच म्हणून समजा.

चावीचा फोनो असेल तर लोखंडी पिन एका बाजूला एकच. ती वाजताना खाचेबरोबर झिजते, आणि झिजलेली पिन पुढच्या बाजूची खाच खरवडते. जुन्या डबीतल्या वापरलेल्या पिना काटकसर म्हणून पुन्हा लावू नका. दुर्मिळ संच तर चावीच्या फोनोवर लावूच नका, पाहुण्यांसमोर मिरवायला दुसरं काहीतरी ठेवा.

नाटकातले सगळे आवाज बारीक, घाईचे का वाटतात?

वेग चुकतोय. ‘७८’ हे नाव पुढे रूढ झालं. भोंग्याच्या काळात सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान काहीही वेग असे. क्वायरच्या तबकडीला हे तपासणं सोपं, कॅरलची स्वरपट्टी माहीत असेल तर पेटीवर सूर धरा आणि वेग जुळवा. ७६ऐवजी ७८नं वाजली तर सूर जवळजवळ पाव स्वर चढतो, कानाला कळतो. बोलण्याला पट्टी नसते. तिथं प्रवेशांच्या मधलं संगीत पकडायचं, नाहीतर त्याच नटाचं दुसरं ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून कानानं ठरवायचं.

धुवायची कशी?

लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर, काहीही अल्कोहोलचं लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थेंबभर सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं एकदा आणि सुती कापडानं टिपून उभी वाळवा. उन्हात नाही.

नाशिकच्या हवेत ठेवायच्या कशा?

उभ्या, घट्ट पण दाबून नव्हे. आडव्या चळती लावल्या की खालच्या तडकतात. पावसाळ्यात जुन्या कागदी पाकिटांना बुरशी येते, ती पाकिटं बदलून टाका, छापील असतील तर वेगळी जपा. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत भिंतीला ओल असते, कपाट भिंतीला टेकवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवलेली एलपी तासाभरात वाकडी होते. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात बाहेरून आणलेली लाखेची तबकडी लगेच हाताळू नका, घरात थोडा वेळ टेकू द्या. थंडीत ती जास्तच ठिसूळ असते.

भाव किती द्यावा?

हिंदी सिनेमाच्या आणि शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांना जो भाव मिळतो तो या नाताळाच्या तबकड्यांना मिळत नाही, हे विक्रेत्यालाही माहीत असतं. “इंग्लिश आहे, अँटिक आहे” यावर भुलू नका. वय म्हणजे किंमत नव्हे. संच पुरा, तडा नाही, खाच करडी पडलेली नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच घासाघीस करा.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि माझ्या मते नाशिककरानं खरं तर इथंच लक्ष घालावं. कोलमनचा संच अमेरिकेतल्या दहा संग्राहकांकडे असेल. तुमच्या चर्चमधल्या संडे स्कूलच्या मुलांनी केलेलं ख्रिस्तजन्माचं नाटक मात्र एखाद्याच घरातल्या एखाद्याच कॅसेटवर असेल.

फिलिप्सची कॅसेट १९६३ला निघाली, आपल्याकडे घरोघरी पोचायला आणखी काही वर्षं गेली. त्यानंतर नाताळाचा कार्यक्रम टेपवर धरून ठेवणं सोपं झालं. मेंढपाळांचे विनोदी संवाद, हेरोद राजाचं काम करणाऱ्याचा खर्जातला आव, देवदूताचं वाक्य विसरणं आणि पडद्यामागून येणारी कुजबुज. त्यामागे क्वायर. गायनात दोन परंपरा शेजारी शेजारी ऐकू येतात. एकीकडे इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी गीतं, दुसरीकडे पेटी-तबल्यावरची भजनं. या दुसऱ्या परंपरेमागे नारायण वामन टिळकांचं मोठं काम आहे. अभंग आणि कीर्तनाची घडण त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘उपासना-संगीत’ हे गीतपुस्तक हातात घेऊन गाणाऱ्या घरांना हे सांगायला नको. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

अशी कॅसेट हाती आली तर आधी वाजवू नका. एकदा पुढे आणि एकदा मागे हलक्या हातानं पूर्ण फिरवून घ्या. आतला लहानसा स्पंजचा दाब-तुकडा गळून पडलेला असतो, तो बसवा किंवा फीत दुसऱ्या खोक्यात घाला. मग एकदाच वाजवायची ती थेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी. आणि त्या घरातल्या आजींना शेजारी बसवा. योसेफ कोण झाला होता, पेटीवर कोण होतं, कुठलं साल, हे सगळं त्या आवाज ऐकून सांगतात. लगेच लिहून ठेवा.

संगणकावर उतरवताना आवाज स्वच्छ करावा का?

मूळ प्रत तशीच ठेवा: वेव्ह फाइल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, कुठलीही सफाई नाही. त्याची नक्कल काढून तिच्यावर हवे ते प्रयोग करा. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. खरखर काढायच्या नादात नटाचा श्वासही पुसला जातो, बोलक्या तबकडीत तो फार महत्त्वाचा असतो. क्वायरमध्ये आधी जाते ती चॅपेलची घुमण.

उतरवलेलं इंटरनेटवर टाकलं तर चालेल?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि मजकुराचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. हे दोन हक्क वेगवेगळे. डिलन थॉमसचं उदाहरण घ्या: ध्वनिमुद्रण १९५२चं, म्हणजे २०१२अखेर मुदत संपली. तो वारला १९५३ला, म्हणजे कथेचा हक्क २०१३अखेर संपला. अमेरिकेचं गणित निराळं. १९२३ ते १९४६मधल्या ध्वनिमुद्रणांना तिथं १०० वर्षं संरक्षण आहे, त्यामुळे कोलमनचा १९४१चा संच तिथं २०४१अखेर बांधलेला. परदेशी संकेतस्थळावर टाकणार असाल तर हे बघूनच टाका.

घरगुती कॅसेटचं तर कायद्याआधी माणुसकीनं बघायचं. ज्यांचे आवाज आहेत त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा.

तबकडीचं साल कसं काढायचं?

लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (छापाच्या साच्याचा क्रमांक) टिपून घ्या. अमेरिकन तबकड्यांसाठी सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची ध्वनिमुद्रणसूची उत्तम आहे, एलपींसाठी डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ. लेबलावरचं साल पुष्कळदा नसतंच, आणि असलं तर ते छपाईचं असू शकतं.

आम्ही ख्रिस्ती नाही आणि इंग्रजीही जेमतेम. तरी हा छंद चालेल का?

चालेल की! कथा आधी मराठीतून वाचून घ्या, मग ऐका. आपण संगीत नाटकं ऐकत आलेली माणसं. नट कुठे थांबला, आवाज कुठे चढवला, हे कळायला भाषा पुरी यावी लागत नाही.

आम्हाला पेटी नको आहे, फक्त योग्य हातात जावी. काय करू?

पेटी उघडून तबकड्या वेगळ्या करू नका. अल्बम, पुस्तिका, पाकिटं, मधे ठेवलेल्या चिठ्ठ्या, कॅरलच्या गाण्यांचे छापील कागद, सगळं एकत्र राहू द्या. वरून दोन-तीन फोटो काढा, लेबलांचे जवळून. कुरियरनं पाठवायची वेळ आलीच तर प्रत्येक तबकडीच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा मोठा पुठ्ठा, चळत खोक्याच्या मधोमध आणि चारही बाजूंनी बोटभर नव्हे, वीतभर भरण. शक्य असेल तर मात्र निरोप द्या, नाशिकमध्ये कुठेही येऊन घेऊन जाऊ.